दिवेलागण झाली की पाय बघायचे: शुगर असलेल्या माणसाचे पाय घरच्या घरी कसे सांभाळायचे

आमच्या आप्पांच्या उजव्या पायाला आता तीनच बोटं आहेत. अंगठ्याशेजारची दोन गेली, आणि ती ज्या जखमेने गेली ती जखम त्यांना एक दिवसही दुखली नाही. खाडीवर कालवं काढायला गेले होते, शिंपल्याने बोटांच्या खाली चिरलं, घरी येऊन पाय धुतले, जेवले, झोपले. चौथ्या दिवशी आईने फरशी पुसताना बघितलं की पडवीपासून न्हाणीपर्यंत एकेका पावलाला एकेक पिवळट ओला डाग आहे. तेव्हा कुठे पाय उलटा करून बघितला. आणि तेव्हाही आप्पांचं म्हणणं एकच, "माका दुकना नाय तर डागदराक कित्याक दाखवचा?"

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण त्यानंतर सहा वर्षं रोज संध्याकाळी आप्पांचे पाय मांडीवर घेऊन बघतेय, ड्रेसिंग करायला शिकले, डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, आणि जे कळलं ते इथे लिहितेय कारण आपल्या प्रत्येक वाडीत शुगरवाले आहेत. २०२३ मध्ये आलेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियॅब नावाच्या अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे असं आलंय. त्यातल्या किती घरांत रोज पाय बघितले जातात देव जाणे.

आधी हे समजून घ्या की दुखत का नाही. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की संवेदना नेणाऱ्या नसा खराब होतात, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात म्हणून सुरुवात तिथूनच, आणि बहुतेक वेळा दोन्ही पायांना सारखीच, मोजे घातल्यासारखी खालून वर चढत जाते. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळपायाची आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. मग एक दिवस आग थांबते आणि माणूस खूश होतो की बरं वाटतंय. ते बरं झालेलं असेलच असं नाही, कधी कधी नस पूर्ण बधिर झालेली असते. आमच्याकडे अगदी असंच झालं. आणि एक खूण सांगते, बाजारातून येताना पायातली चप्पल वाटेत निघून पडली आणि पुढे चालत गेल्यावर लक्षात आलं, असं तुमच्या घरात कोणाचं झालंय का? झालं असेल तर ते विसरभोळेपण समजून सोडून देऊ नका, पाय तपासून घ्या.

घाम आणणाऱ्या नसाही अशाच बिघडतात, मग कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. पायाचे छोटे स्नायू कमजोर झाले की बोटं आकड्यासारखी वळतात, चवड्यावर भार पडतो, तिथे घट्टा धरतो. घट्टा जाड झाला म्हणजे पाय मजबूत झाला असं आपल्याकडे समजतात. उलट आहे. चप्पलेत खडा ठेवून चालावं तसा तो घट्टा आतल्या मांसाला दाबतो, आणि घट्ट्याच्या मध्ये काळा-लाल ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय, जखम तयार होतेय असं समजायचं. शिवाय रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात म्हणजे बरं करायला रक्त पोचत नाही, आणि वाढलेल्या शुगरमध्ये इन्फेक्शनशी लढायची ताकदही कमी पडते. एवढं सगळं एकाच पायात.

आता रोजचं काम. आमची वेळ ठरलेली आहे, देवापाशी दिवा लावला की पाय. वेळ ठरली नाही तर चार दिवसांत विसरायला होतं, म्हणून कुठल्यातरी रोजच्या गोष्टीला हे जोडून टाका. ट्यूबलाईटच्या खाली खुर्ची, समोर मी पाटावर, आणि मोबाईलची बॅटरी. आधी वरचा भाग, मग तळवा, मग टाच, मग एकेक बोट बाजूला करून मधल्या फटी. फटी चुकवू नका, जास्त गडबड तिथेच असते. काय शोधायचं तर चीर, फोड, लाल डाग, काळा ठिपका, ओलावा, पांढरी भिजलेली कातडी, नखाच्या कडेला सूज म्हणजे नखुरडं, रुतलेला काटा, मुंगी चावल्याची खूण, काहीही जे काल नव्हतं. मग माझ्या हाताची मागची बाजू आधी एका पायाला, मग दुसऱ्याला त्याच जागी लावते. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर आत काहीतरी चालू आहे. शेवटी त्या दिवशी घातलेले मोजे उलटे करून बघते, पांढरे मोजे घ्या म्हणतात ते यासाठीच, डाग लगेच दिसतो. एकटे असाल आणि वाकवत नसेल तर दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्याच्यावर तळवा धरा.

महिन्यातून एकदा घरी एक सोपी टेस्ट करते, इंग्लंडमधल्या इप्स्विचच्या हॉस्पिटलमध्ये निघालेली म्हणून तिला इप्स्विच टच टेस्ट म्हणतात. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या बोटाच्या टोकाने पिसासारखं हलकं टेकवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही, आणि कळलं नाही म्हणून त्याच जागी परत परत हात लावायचा नाही. टेकवलेलं कळलं की त्याने डावा का उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय असं धरून डॉक्टरकडे जायचं. पहिल्यांदा केली तेव्हा आप्पांना एकच जागा कळली. मी हात लावतेय आणि ते शांतपणे "लाव की" म्हणतायत, तो क्षण मी विसरणार नाही.

डॉक्टरकडे वर्षातून एकदा तरी पायाची पूर्ण तपासणी मागून घ्या, आणि मागून म्हणजे खरंच मागून, कारण गर्दीत बीपी आणि शुगरचा कागद बघून गोळ्या लिहून दिल्या जातात आणि पायातल्या चपला तशाच राहतात. आत गेल्या गेल्या चपला-मोजे काढून बसा. ते नायलॉनच्या बारीक दोऱ्याने, १० ग्रॅम मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, तळव्याला टोचून बघतात, ट्यूनिंग फोर्क लावून कंप कळतो का बघतात, पायाची नाडी बघतात. पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट चढताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की दुखायचं थांबतं, पाय गार पडतात, पायावरचे केस गेलेत, असं काही असेल तर ते न विसरता सांगा, तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ एकदा तपासू का हे पण विचारा, ते कमी झालं तरी पायाला अशाच मुंग्या येतात. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज, तो आकडा वहीत लिहून ठेवा. बिडी-सिगरेट असेल तर ती सोडायलाच हवी, पायाच्या रक्तवाहिन्यांची ती सरळ वैरी आहे, आणि आपल्याकडच्या बायका मिश्री लावतात त्यातही तंबाखूच असते हे आईला पटवायला मला वर्ष लागलं.

धुण्याचं सांगते. आपल्या न्हाणीत पाणी तापत ठेवलेलं असतं आणि शुगरवाला माणूस थेट पायावर तांब्या ओततो, पाय बधिर असल्यामुळे कढत आहे हे कळत नाही आणि फोड येतात. पाणी कोमटच हवं आणि ते पायाने तपासायचं नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून बघायचं. तासभर मिठाच्या पाण्यात पाय टाकून बसणं पण नको, कातडी भिजून फाटते. मग जुन्या मऊ पंच्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि एकेका फटीत पंच्याचं टोक घालून कोरडं करायचं. मग खोबरेल तेल, आपल्याकडे त्याची कमी नाही, टाचेला आणि तळव्याला, पण बोटांच्या मध्ये अजिबात नाही. तिथे ओलावा राहिला की बुरशी धरते. तेल लावून लगेच फरशीवर चालू नका, घसराल, सुती मोजे चढवा.

भेगांवर आपला जुना उपाय म्हणजे मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल घट्ट असतं, टाचेला मऊपणा आणतं, बोटाने चोळून लावायला माझी काही हरकत नाही. पण आमची आजी पळीत मुठेल कडकडीत वितळवून थेंब थेंब भेगेत सोडायची, तसं शुगरवाल्या पायाला कधीच करायचं नाही. आणि बिब्बा. कुरुपावर, भेगेवर बिब्ब्याचा चटका देणारी माणसं अजून गावोगाव आहेत, बिब्बा चांगल्या कातडीलासुद्धा भाजतो, इथे तर भाजतंय हे कळणारच नाही. हात जोडून सांगते, बिब्बा नको. मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टी पण नको, त्यात कातडी जाळणारं ॲसिड असतं. ब्लेडने कुरूप कोरणं तर नकोच नको. घट्टा डॉक्टरकडून काढून घ्या.

नखं आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापायची, कोपरे आत खोल कापायचे नाहीत, कानशीने थोडी घासायची. नजर कमी असेल तर दुसऱ्याने कापावीत.

चपलांवर मी जास्त बोलणार आहे कारण आमच्याकडे पुन्हा पुन्हा तिथेच चुकलं. पातळ स्लीपरचा पट्टा अंगठा आणि बोटाच्या मध्ये घासतो, तळ झिजला की काटा आरपार येतो, आणि मागे पट्टा नसला की सटकते. मऊ तळ, कडक बाहेरचा सोल, पुढून बंद किंवा रुंद, मागे पट्टा आणि पट्टे वेल्क्रोचे, असं सँडल हवं. एमसीआर नावाचं मऊ रबर येतं, त्याच्या चपला मिळतात. कुष्ठरोगातही पाय असेच बधिर होतात, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्या रुग्णांच्या पायांवर आयुष्यातली बरीच वर्षं काम केलं आणि बधिर पायाला जखम होते ती रोग पाय खातो म्हणून नाही तर दुखत नसल्यामुळे इजा होत राहते म्हणून, हे दाखवून दिलं. तशा पायांसाठी वापरल्या गेलेल्या त्याच या एमसीआरच्या चपला. आप्पा पहिले सहा महिने त्या घालायला तयार नव्हते, लोक काय म्हणतील. लोक काही म्हणाले नाहीत.

मापाची एक युक्ती. पेपरवर उभं राहून पायाची पेन्सिलने रेघ मारा, कापा आणि तो कागद सँडलच्या आत टाका. कागद कडेला दुमडला तर ते सँडल लहान आहे, दुकानदार कितीही म्हणू दे की वापरून सैल होईल. सगळ्यात लांब बोटापुढे अर्धा इंच मोकळं हवं. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभराने पाय थोडे सुजतात. नवीन असताना पहिल्या दिवशी एक तास, लगेच पाय बघायचे, लाल डाग आला असेल तर ते सँडल परत. आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटं करून झटका, आत हात फिरवा. पावसात आपल्याकडे चपलेत विंचू काय, गोम काय, काहीही बसतं, आणि एकदा आप्पा सुपारीचं अख्खं टरफल घेऊन दिवसभर फिरले होते.

घरात अनवाणी चालणं हे सगळ्यात अवघड प्रकरण. आपल्या घरात चप्पल घालून फिरणं पटत नाही, माझ्या आईला अजून पटत नाही. आम्ही मार्ग काढला तो असा की एक जोड फक्त घरातला, रोज धुतलेला, तो बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. देवघराशी तो काढून जाड सुती मोजे. एप्रिल-मेमध्ये चिऱ्याचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, दुपारी इतकं तापतं की बधिर पायाला फोड आलेले कळत नाहीत, आंबे पसरायला नुसतं दोन मिनिटं उतरले तरी. देवळात जायचं तर सकाळी ऊन चढायच्या आत, मोजे घालून. शिमग्यात पालखी नाचवायला, आंगणेवाडीच्या जत्रेच्या रांगेत, विसर्जनाला खाडीत, हे सगळं आप्पांनी आयुष्यभर अनवाणी केलेलं. आता ते पालखी खळ्यात आली की खुर्चीत बसून ओटी भरताना बघतात. मला वाईट वाटतं, पण देवाने कधी तक्रार केलेली नाही.

एसटीत इंजिनाशेजारच्या सीटवर बसू नका, खालचा पत्रा तापतो. चुलीपुढे पाय शेकत बसू नका. आणि रात्री मच्छरदाणी नीट खोचा, बधिर पाय उंदराने कुरतडले आणि सकाळी कळलं असं खरंच होतं.

भातलावणीचं काय करायचं हा प्रश्न मला वाडीतल्या बायका सगळ्यात जास्त विचारतात. चिखलात दिवस दिवस उभं राहिलं की बोटांच्या फटीत चिखल्या होतात, चांगल्या माणसाला होतात, आणि शुगरवाल्याची चिखली म्हणजे इन्फेक्शनला उघडं दार. माझं स्पष्ट मत असं की ज्याचे पाय बधिर आहेत किंवा आधी जखम होऊन गेलीय त्याने चिखलात उतरूच नये, बांधावर बसून राहावं, माणसांची न्याहरी बघावी, पण पाय कोरडा. ज्यांची संवेदना शाबूत आहे आणि जाण्यावाचून इलाज नाही त्यांनी गमबूट आणि आत सुती मोजे, मधल्या सुट्टीत मोजे बदला, घरी आल्यावर धुऊन कोरडं करून फटी बघा, पांढरं-ओलं दिसलं तर बुरशीचं औषध डॉक्टरला विचारून. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, तो पण याच दिवसांत आणि चिरलेल्या कातडीतून शिरतो, त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात किंवा आशाताईला विचारून ठेवा.

आता समजा जखम झालीच. साबण आणि स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, निर्जंतुक गॉज ठेवा, वरून सैल पट्टी. हळद, चुना, कॉफी पावडर, राख, तंबाखू, यातलं काहीही भरू नका, आत काय चाललंय ते डॉक्टरला दिसत नाही आणि घाण आत राहते. मोबाईलवर फोटो काढा, बाजूला रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे वाढतेय का ते उद्या कळेल. २४ तासांच्या आत दाखवा, लहान असली तरी. खाडीत किंवा समुद्रात लागलं असेल, शिंगाळा माशाचा काटा असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा, खाऱ्या पाण्यातले जंतू वेगळे असतात आणि औषध वेगळं लागू शकतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते पण सांगा.

लाली पसरतेय, सूज, पू, वास, काळं पडतंय, थंडी वाजून ताप, शुगर एकाएकी चढली, यातलं एक जरी दिसलं तर रात्र काढू नका, त्याच वेळी गाडी बघा. आणि जखम नसताना एक पाय लाल, गरम, सुजलेला दिसला तर मुरगळला असेल म्हणून तेल लावून चोळू नका. शार्को फूट म्हणून प्रकार असतो, बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असतात आणि सुरुवातीला एक्स-रे पण नॉर्मल येऊ शकतो, त्यावर पाय टेकत राहिलं तर पायाचा आकारच बिघडतो. त्या क्षणापासून पाय न टेकवता डॉक्टरकडे.

आणि आमची सगळ्यात मोठी चूक. तीन आठवडे रोज ड्रेसिंग चालू होतं, भारी अँटिबायोटिक चालू होतं, आणि आप्पा रोज सकाळी पट्टी बांधलेल्या पायाने माडांना शिंपण करून येत होते. आम्ही ज्यांच्याकडे जात होतो त्यांनीही औषध तीनदा बदललं पण चालू नका असं एकदाही ठासून सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तळव्याची जखम भरायची तर तिच्यावरचा भार काढायलाच लागतो. दर पावलाला अख्ख्या शरीराचं वजन त्या ओल्या मांसावर पडतं, कितीही औषध लावा. त्यासाठी खास प्लॅस्टर असतं, बूट असतात, वॉकर असतो, डॉक्टरला थेट विचारा की या जखमेवरचा भार कसा काढायचा. उत्तर मिळालं नाही तर दुसरा डॉक्टर बघा. आम्हाला हे गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गेल्यावर कळलं, तोवर इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं होतं.

भरलेली जखम म्हणजे संपलं असं पण नाही. एकदा जखम भरलेल्या साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा होते, म्हणून आप्पांचा पाय मी आजही बघते, आणि त्या जागेला बोट लावून जरा जास्त वेळ बघते.

ज्यांची मुलं मुंबईला आहेत आणि घरात दोघंच म्हातारी, त्यांच्यासाठी आमच्या शेजारच्या काकूंनी केलंय ते सांगते. रोज आठ वाजता मुलाचा व्हिडिओ कॉल येतो, काकू फोन पेल्याला टेकवून जमिनीवर ठेवतात, स्टुलावर बसून एकेक तळवा कॅमेऱ्यासमोर धरतात, बोटं हाताने फाकवतात, आणि मुलगा डोंबिवलीतून सांगतो, "आई, करंगळीकडे जरा उजेडात धर." गेल्या पावसात त्यानेच फटीतली चिखली पहिल्यांदा बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना रिक्षाने आरोग्य केंद्रात घेऊन गेले. आठ दिवसांत सुकली.